आधी बघ, मग उचल

भाईंदर (प.)
9 नोव्हेंबर 2025

चि. सोनू,


काल तू एका दमात सगळं सांगितलंस आणि मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहिते.

दिवाळीपासून तुमच्या बिल्डिंगखाली एक कुत्रा येऊन बसलाय, त्याचं काय करू, असं तू विचारलंस. मला मात्र तू ओघात बोलून गेलेली गोष्ट लागून राहिली. तो लिफ्टसमोर बसतो आणि दार उघडलं की उठून उभा राहतो. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं लिफ्टकडे ढुंकूनही बघत नाही गं. हा कुणाच्या तरी घरातला आहे. फटाक्यांना भिऊन सुटला असेल, नाहीतर घर बदलताना कुणी मागे टाकला असेल. तुमच्या मीरा रोडला अकरा महिन्यांचे करार संपतात, टेम्पो भरले जातात, आणि नव्या घरमालकाला कुत्रा चालत नाही. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा 1960च्या कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

कुत्रं दिसलं की पहिला प्रश्न ‘कुठे नेऊ’ हा नसतो. ‘हे कुठलं आहे’ हा असतो. हे मी फार महागात शिकले. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. मिठागराच्या बांधाजवळ भर पावसात तीन पिल्लं केकाटत होती, डोळेही नुकते उघडलेले. मी पदरात गुंडाळून घरी आणली, कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या रखवालदाराने सांगितलं, आई रात्रभर बांधावर हुंगत फिरत होती. ती खायला शोधायला गेली होती, एवढंच. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागले होते. दोन तिच्यापाशी नेऊन ठेवली. तिसरं राहिलं नाही. आता पिल्लं एकटी दिसली आणि अंगाला ऊब, पोट गोल असेल, तर मी लांब उभी राहून दोन तास वाट बघते. आई येतेच बहुधा.

तू सांगितलेली गल्लीतली तपकिरी कुत्री मात्र हरवलेली नाही, ती तिच्या घरीच आहे. तिच्या कानाला खाच आहे ना? म्हणजे नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली. त्यासाठीचं पालिकेचं केंद्र उत्तनला आहे. 2023च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. मुंबईत वर्षानुवर्षं कुत्री मारून बघितली, संख्या घटली नाही. रिकाम्या जागेत शेजारची शिरतात. परवाच्या, 7 तारखेच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तू घाबरलीस. तो शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांपुरता आहे. तिथली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत. तुमच्या गल्लीला तो लागू नाही. खायला मात्र जिन्यात किंवा मुलं खेळतात तिथे घालू नकोस. सोसायटीकडून एक कोपरा ठरवून घे. मुलांच्या आयांची भीतीही खरी असते.

आता तुझा पाहुणा. जवळ जाताना तिरकी बस, डोळ्याला डोळा भिडवू नकोस, डोक्यावरून हात नेऊ नकोस. पाणी ठेव, दहीभात ठेव, मागे सर. गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेत का बघ. जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. कातडीखाली चिप असली तर ज्यांच्याकडे यंत्र आहे ते वाचून देतात. वॉचमन, चहावाला, इस्त्रीवाला यांना फोटो दाखव. फोटो सगळीकडे पाठव, पण एक खूण स्वतःजवळ ठेव. पोटावरचा पांढरा ठिपका असेल किंवा वाकडं नख असेल. घ्यायला येईल त्याने ती सांगितली पाहिजे, मगच दे. लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतात, आवाज बदललाय असं कधीही दिसलं तर दूर राहा आणि पालिकेला कळव.

चावला, नुसता दात लागला, तरी साबणाने वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धू. हळद नको, चुना नको, तिखट तर मुळीच नको. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू कर; जखम रक्ताळली असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही माग. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण लसीसाठी ते दहा दिवस थांबायचं नसतं. रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही, सोनू. यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

मी मंगळवारी येते. जुनी चादर आणि तुझ्या काकांचा एक शर्ट आणते, त्याला निजायला. तोवर एक कर. लिफ्ट उघडल्यावर तो आत शिरला तर हाकलू नकोस. प्रत्येक मजल्यावर दार उघडू दे, आणि तो कुठे उतरतो ते बघ.

तुझी,
मावशी