पुणे की बडोदा?



गेले तीन-चार महिने मी इथे फारसं काही लिहिलं नाही. कारण लेकीचं कॉलेज. बारावीनंतर गाणंच शिकायचं हे तिनं दहावीतच सांगून टाकलं होतं. दोन वर्षांत मन बदलेल अशी आम्हाला आशा होती, ते काही झालं नाही. मग जूनमध्ये एकाच आठवड्यात दोन ठिकाणी तिची निवड झाली, एक पुण्यात आणि एक बडोद्यात. फी भरायला मोजून नऊ दिवस होते. आमच्या ह्यांनी दुकानातून फोन करून सांगितलं, "तुम्ही मायलेकी ठरवा, मी चेक फाडतो." आणि त्या नऊ दिवसांत आमच्या घरात जेवढी वादावादी झाली तेवढी वाटण्यांच्या वेळीसुद्धा झाली नव्हती.

आधी आमचं घर सांगते. आम्ही जयसिंगपूरचे. भांड्यांचं दुकान. घरात गाण्याची परंपरा वगैरे काही नाही. सासूबाई मंदिरात आरती म्हणतात, मी लग्नाआधी मध्यमेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या आणि मग पेटी माळ्यावर गेली, एवढंच. पण आमचा हा भाग मात्र गाण्याचा. विष्णु दिगंबर पलुसकर इथल्याच कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे गेले आणि मग ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्यांनीच पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे. दरवर्षी त्यांच्या नावानं तिथे रात्रभर गाणं होतं. मिरजेच्या तंबोऱ्यांना तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे बघा, अर्ध्या तासाच्या एसटीच्या अंतरावर एवढं सगळं, आणि आम्ही त्या रस्त्यानं जायचो ते दवाखान्यात नाहीतर रेल्वे पकडायला!

लेक मात्र नऊ वर्षं मिरजेला एका बाईंकडे शिकली. त्या किराण्याच्या शिस्तीच्या. सूर नीट लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन-दोन महिने एकच राग. मला तेव्हा वाटायचं, फी तर दर महिन्याला घेतात, मग राग का बदलत नाहीत?

आता दोन कॉलेजांचं सांगते. बडोद्याचं नाव ऐकून घरातले सगळे खूश झाले. का होऊ नयेत? सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली, तिचीच पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात फॅकल्टी झाली. भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही १९१६ साली बडोद्यातच. शहरात मराठी माणसं भरपूर. पुण्याचं कॉलेज त्या मानानं परवाचं. नाव चांगलं, पण सासूबाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

मी दुकानाची एक जुनी वही घेतली, पानावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंनी लिहायला बसले. फी, वसतिगृह, प्रवास, ओळखीचं कोण आहे, जेवण. प्रवास सोडला तर जवळजवळ सगळीकडे बडोदा पुढे. पुणं सकाळी निघालं की दुपारी येतं, बडोद्याला रात्रभराचा प्रवास. पण जेवणाच्या रकान्यात बडोद्याला मी दोन टिका केल्या. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही, कांदा-लसूण-बटाटा नाही. गुजरातेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मावसनणंदेचं घरही तिथे आहे. पुण्यात वसतिगृहाच्या मेसमध्ये ताट साडेआठला वाढतात असं कळलं, तिथे मी मोठी फुली मारली.

लेकीनं वही बघितली. तिनं खाली एकच ओळ लिहिली, "रोज समोर बसवून कोण शिकवणार?" आणि वही परत दिली.

मला त्या ओळीचं उत्तर देता येईना, म्हणून आम्ही दोघी मिरजेला बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं त्या एक नाव सांगतील आणि आपण सुटू. त्यांनी नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, "दोन्हीकडे जाऊन या. इमारत बघू नका, वर्गात बसा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं कशी गातात ते ऐका, कारण तुमची मुलगी दोन वर्षांनी तशी गाणार आहे." मग त्यांनी विचारायचे प्रश्न सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले, तुमच्याही कामाला येतील म्हणून देते.

एका गुरूकडे किती मुलं आहेत? आठवड्यात समोरासमोर तालीम किती तास? शिकवणारे कायमचे आहेत की अधूनमधून येणारे? रियाजाला खोली मिळते का, कॉलेज सुटल्यावर ती उघडी असते का? साथीला तबलजी मिळतो की मोबाइलच्या ठेक्यावर गायचं? वर्षाला किती राग पुरे करायचे? फार असतील तर एकही नीट होणार नाही. आणि वसतिगृहात पहाटे आवाज लावलेला चालतो का?

मी विचारलं, "आणि घराण्याचं काय? ती किराण्याचं शिकलीय. बडोदा म्हणजे आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांचं." बाई हसल्या. म्हणाल्या, घराणं बदलणं काही पाप नाही. मल्लिकार्जुन मन्सूर इथेच मिरजेत नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि मग जयपूर घराण्याच्या मंजीखाँकडे गेले. स्वतः अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. त्यांच्या मुलीनं, हिराबाईंनी, तर बडोदेकर हेच आडनाव लावलं. "वाट बदलायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण अठराव्या वर्षी एकदम चार वाटांवर उभं करू नका. एकाकडे तीन-चार वर्षं नीट बसू दे."

मग आम्ही दोन्ही गावं केली. आधी बडोदा. सूरसागर तलावाच्या काठावरची ती जुनी वास्तू बघून मला भरूनच आलं. मंडळी अदबशीर, प्रश्नांची उत्तरं नीट दिली. मावसनणंदेनं पाच वाजता गरम फुलके वाढले. मी मनातल्या मनात फी भरूनही टाकली होती. परतीच्या गाडीत लेक गप्प होती, मी म्हटलं दमली असेल.

पुण्यात वर्ग दुसऱ्या मजल्यावर. चटईवर पाच मुलं, एक तंबोरा, आणि शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बिहागचा विलंबित ख्याल गात होती. बाईंनी तिला एका जागेवर थांबवलं. परत म्हण. परत म्हण. तीव्र मध्यमाला नुसतं शिवायचं आहे, त्यावर राहायला जाऊ नकोस. वीस मिनिटं तेवढंच चाललं. त्या मुलीचे डोळे भरले, तरी बाईंनी सोडलं नाही आणि आवाजही चढवला नाही. मी शेजारी बघितलं, तर आमच्या लेकीची बोटं मांडीवर हलत होती आणि ओठ मिटलेले होते. ती त्या मुलीबरोबर ती जागा घेत होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंस ना, किती कडक आहेत. आणि मेस साडेआठला. बडोदाच बरं."

ती तिथेच जिन्यात थांबली. म्हणाली, "आई, तू कॉलेज बघत नाहीयेस, डबा बघतेयस."

मला राग आला. म्हटलं, नियम आहे आपला, तो काय मी काढला? तर म्हणाली, "नियम मी पाळणारच आहे. नऊ वर्षं क्लासवरून येताना एसटीत सूर्य मावळायच्या आधी डबा खाल्लाय मी. पण तुला भीती माझ्या जेवणाची नाहीये. मी तुझ्या ओळखीच्या माणसांतून लांब जाईन याची आहे." मग जरा वेळानं हळूच म्हणाली, "आणि मलाही भीती वाटते. बडोद्याला माझ्याबरोबर निवड झालेल्या मुलांमध्ये मी चांगली होते. इथे मी सगळ्यात मागे असेन. म्हणून इथे यायचंय."

मी गाडीत बसून त्यावर बराच विचार केला. खरं सांगते, तिचं पहिलं वाक्य मला जास्त लागलं होतं, कारण ते खरं होतं. माझी पेटी माळ्यावर गेली तेव्हा मला कुणी बंदी केली नव्हती. जवळचं, सोयीचं, ओळखीचं असं एकेक निवडत गेले आणि गाणं आपोआप सुटलं. तीच वही मी आता लेकीसाठी भरत होते.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी त्यांचा एकच प्रश्न विचारला, "शिकून झाल्यावर पुढे काय?" तो प्रश्न टाळायचा नसतो. आम्ही त्यांना जे कळलं ते सरळ सांगितलं. मैफलींवर घर चालणाऱ्यांची संख्या फार थोडी. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. आणि नेट किंवा सेट लागतं, नुसत्या विशारदवर भागत नाही, म्हणून विद्यापीठाची पदवी हवीच, आणि ती दोन्हीकडे मिळत होती. नाहीतर स्वतःचे क्लास. हे ऐकून ते थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "दुकानात तरी कुठे खात्री आहे?" लग्नासाठी ठेवलेली एक ठेव मोडायचं ठरलं. मला वाटलं होतं सासूबाई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "लग्न नंतर बघू. आधी तिच्या जेवणाचं बघा."

ते मी बघितलं. वसतिगृह रद्द केलं. कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर एक जैन काकू दोन मुलींना ठेवून घेतात आणि पाच वाजता डबा देतात, असं मंदिरातल्या ओळखीनं कळलं. वसतिगृहापेक्षा महिन्याला जास्त पैसे जातात. पण काकूंची एक अट होती, पहाटे सहाच्या आत तंबोरा नाही. लेकीनं ती मान्य केली. फी भरली ती आठव्या दिवशी, दुपारी तीन वाजता.

मैत्रिणींनो, पुणं चांगलं आणि बडोदं वाईट असं मी लिहीत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. आमच्या गल्लीतला तबला शिकणारा मुलगा मला विचारायला आला, तेव्हा मी त्याला आधी बडोद्याला जाऊन बघ असंच सांगितलं. दोन चांगल्या जागांमधून निवडायचं होतं, म्हणून तर इतकं अवघड गेलं. माझं सांगणं एवढंच, की पाल्यापेक्षा आपली सोय आपण किती लिहितोय ते वही भरताना बघा, आणि फी भरण्याआधी एक तास तरी वर्गात मागे बसून या.

सगळं गोड झालं असंही नाही. पहिल्याच महिन्यात पुण्याच्या बाईंनी तिची पट्टी उतरवली. ती काळी पाचमध्ये गायची, त्यांनी काळी चारवर आणलं. म्हणाल्या, वर ताणून ताणून आवाज पातळ झालाय. विशारदची परीक्षाही पुढे ढकलायला सांगितली. फोनवर रडली. मला वाटलं, संपलं, परत येते ही. मी "ये" म्हणणार होते, जिभेवर आलं होतं, पण म्हटलं नाही. विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, "जेवले, साडेपाचला." मग दोघी हसलो.

दिवाळीला ती घरी आली. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायला गेलो, तेव्हा सगळ्यांनी तिला एक स्तवन म्हणायला लावलं. गेल्या वर्षी हेच म्हणताना ती वरच्या पट्टीत गेली होती आणि बायकांनी कौतुक केलं होतं. या वेळी खाली, सावकाश म्हणाली. एक-दोघी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आवाज बसलाय का गं तिचा?"

सासूबाईंनी चप्पल घालता घालता उत्तर दिलं, "बसला नाही. खाली आलाय. आता शब्द कळतात."