मोडलेल्या काचांचा हिशेब

विनोदी मारधाडपटाचा सिक्वेल, म्हणजेच गाजलेल्या चित्रपटातील पात्रांना नव्या कथानकात पुढे नेणारा दुसरा भाग, सहसा पहिल्या भागातील नासधूस विसरूनच सुरू होतो. जॅकी चॅन यांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यांचीच नायकाची भूमिका असलेला हाँगकाँगचा ‘पोलिस स्टोरी २’ (१९८८) मात्र त्या नासधुशीपासूनच सुरुवात करतो. १९८५च्या पहिल्या भागात डोंगरउतारावरील झोपडवस्ती मोटारींखाली चिरडली गेली होती आणि शेवटच्या हाणामारीत एका बहुमजली बाजारसंकुलात इतक्या काचा फुटल्या होत्या की, स्टंट करणाऱ्या चमूने त्या चित्रपटाला ‘ग्लास स्टोरी’ असेच टोपणनाव दिले. दुसऱ्या भागात वरिष्ठ अधिकारी नायक चान का-कुई याच्यापुढे या नुकसानीचा पाढा वाचतात आणि त्याची रवानगी वाहतूक शाखेत करतात. पराक्रमाची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते, हे मान्य करणारी ही सुरुवात या चित्रपटाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट प्रथम व्हिडिओ कॅसेटवर, इंग्रजी डबिंगमध्ये पाहिला आणि पुष्कळ वर्षांनी मूळ कँटनीज संवादांसह, पहिल्या भागाच्या पाठोपाठ एकाच बैठकीत पुन्हा पाहिला. प्रस्तुत विवेचन या दोन वेळच्या पाहण्यात पडलेल्या अंतरातूनच आले आहे.

दोन्ही वेळा ज्या प्रसंगाने लेखकाला तितकेच खिळवून ठेवले, तो म्हणजे मुलांच्या क्रीडांगणावरील मारामारी. लोखंडी गज घेतलेले गुंड का-कुईला घेरतात, आणि घसरगुंडी, शिड्या, आडवे दांडे अशी लहान मुलांच्या अंगाच्या मापाने केलेली साधने त्याची ढाल होतात, आडोसा होतात, कधी हत्यारही होतात. जॅकी चॅन यांचे बालपण पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गायन, अभिनय, कसरती आणि युद्धनृत्य एकत्र शिकवणाऱ्या पारंपरिक चिनी नाट्यप्रकाराच्या, कठोर शाळेत गेले, आणि त्या तालमीचे फळ येथे उघड दिसते. कॅमेरा इतका मागे राहतो की डोक्यापासून पावलापर्यंतचे शरीर चौकटीत मावते. त्यामुळे दांड्यांच्या फटीतून अंग चोरून निसटणारा माणूस एकाच क्षणी हसवतो आणि काळजाचा ठोकाही चुकवतो. विनोद येथे मारामारीत वरून पेरलेला नाही. मार चुकवण्याच्या धडपडीतच तो आहे, आणि या प्रकारच्या चित्रपटाचे सारे यश त्या एकजीवपणावर अवलंबून असते.

मध्यंतराच्या आसपास हाच एकजीवपणा सुटतो. बांधकाम कंपनीकडून खंडणी उकळण्यासाठी बाँबस्फोट करणारी टोळी कथेत शिरते आणि पाळत ठेवणे, संभाषणे चोरून ऐकणे, पाठलाग यांत बराच वेळ जातो. हाँगकाँगच्या पोलिसांचे कंटाळवाणे काम दाखवण्याचा प्रयत्न प्रामाणिक आहे, पण स्फोटाला शरीर नसते. त्याच्याशी झुंजता येत नाही, त्याच्यापासून फक्त पळता येते, आणि पळणाऱ्या जमावात नायकाचे वेगळेपण उरत नाही. महिला पोलीस संशयिताला बडवून बोलते करतात तो प्रसंग तर हशासाठीच रचलेला आहे. पहिल्या वेळी लेखकालाही हसू आले होते. पुढे कोठडीतील मारहाणीच्या बातम्या वाचून झाल्यावर ते आले नाही.

शेवटच्या हाणामारीत या गुणदोषांची गाठ पडते. बेनी लाय यांनी साकारलेला मूकबधिर बाँब बनवणारा फटाक्याएवढे छोटे स्फोटक गोळे का-कुईच्या अंगावर फेकतो. येथे स्फोटाला पुन्हा शरीर मिळते, प्रत्येक आवाजासरशी कातडी पोळल्याचे जाणवते, आणि लाय यांच्या लाथांचा वेग तर आजही थक्क करतो. पुढे का-कुई तेच गोळे त्याच्यावर उलटवतो, तेव्हा त्या माणसाचा घशात अडकलेला आवाज चित्रपट हशासाठी वापरतो. तो आवाज वेदनेचा आहे, हे कॅसेटवर पाहताना लेखकाच्या ध्यानातच आले नव्हते.

का-कुईची प्रेयसी मे हिच्या वाट्याला आलेली वागणूक ही या चित्रपटाची सर्वांत खोल उणीव होय. मेची भूमिका करणाऱ्या मॅगी च्युंग या अभिनेत्रीची पुढील कारकीर्द, विशेषतः ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००), पाहिलेल्या प्रेक्षकाला येथे तिच्यावर झालेला अन्याय अधिकच बोचतो. का-कुईवर भडकलेली मे पोलीस ठाण्यात पुरुषांच्या प्रसाधनगृहापर्यंत त्याच्या मागे जाते, तेव्हा तिचा राग न्याय्य आहे हे पटकथेला कळते, तरीही तिला पुढे ओलीस होण्याखेरीज काम उरत नाही. वरिष्ठांनी काचांचा हिशेब मांडला. मेच्या वाट्याच्या नुकसानीचा हिशेब कोणीच मांडत नाही.

श्रेयनामावलीसोबत चित्रीकरणात फसलेले तुकडे दाखवण्याची प्रथा जॅकी चॅन यांनी हॉलिवूडच्या ‘द कॅननबॉल रन’ (१९८१) या चित्रपटावरून उचलली. ‘पोलिस स्टोरी २’च्या अशा तुकड्यांत, कोसळत्या लोखंडी सांगाड्यांमधून धावताना डोक्याला खरोखर जखम झालेल्या च्युंग दिसतात. रक्त वाहत असते आणि माणसे त्यांच्याकडे धावत असतात. नावे वर सरकत राहतात, संगीत चालू असते. दुसऱ्या वेळी लेखकाने तेथे चित्र थांबवले, मागे नेले आणि त्यांच्याकडे धावणारे हात पुन्हा एकदा पाहिले.