मोठी मशीन पाठवू नकोस

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ
आषाढ

छोटी,

तुझा फोन आईने घेतला आणि नेहमीप्रमाणे निम्माच निरोप दिला. एवढं कळलं की तिचं धुणं सोपं व्हावं म्हणून तू काचेच्या दाराची, धुऊन वाळवूनही देणारी मशीन पाठवणार आहेस. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते. पाठवू नकोस. आमची दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक इथे जास्त कामाची आहे, आणि ती तिच्या उजव्या अंगाच्या त्या छोट्या टबामुळे.

त्या स्पिनरला गावात सगळे ड्रायर म्हणतात, पण तो वाळवत काही नाही, पाणी फेकतो. टब गरगर फिरला की कपडा भिंतीला चिकटतो आणि पाणी भिंतीतल्या भोकांतून सरळ निघून जातं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. टब अरुंद असला तरी मिनिटाला 1300 फेऱ्या घेतो. मध्यापासून भिंत 12 सेंटीमीटर धरलीस तरी पाण्यावर त्याच्या वजनाच्या दोनशे पटींहून जास्त ओढ बसते. आई आणि आजी नऊवारीची दोन टोकं धरून पीळ घालायच्या, आठवतं ना? त्या दोघींच्या मनगटांतही एवढं बळ नव्हतं. शिवाय पिळून सुताचा जीव जायचा तो वेगळाच.

आता पाण्याचं. तुझ्या मशीनला नळाचं पाणी सतत आणि जोरात लागतं. इथे नळ येतो तेव्हा येतो, मग आपण टाकी, पिंप, बादल्या भरून ठेवायच्या. सेमीत बादलीने पाणी ओतता येतं, लाईट गेली तर मध्येच थांबता येतं, आणि पांढऱ्या कपड्यांचं साबणपाणी पुढच्या रंगीत कपड्यांना वापरता येतं. त्यातही एक गोष्ट फार थोड्या बायका करतात: साबणातून काढलेले कपडे खळबळायच्या आधीच एकदा स्पिनरमध्ये फिरवून घ्यायचे. धर, कपड्यांत 6 लिटर साबणपाणी उरलंय आणि तू त्यावर 20 लिटर स्वच्छ पाणी घातलंस. साबण जवळपास चौथा हिस्सा राहतो. आधी फिरवून तेच 6 लिटर 2 वर आणलंस, तर त्याच 20 लिटरांत अकरावा हिस्सा राहतो. दर वेळी असं फिरवून घेतलं तर दोन पाण्यांत जे साधतं, ते नुसतं खळबळून तीन पाण्यांतही साधत नाही. उन्हाळ्यात एक टबभर पाणी वाचणं म्हणजे काय, ते तुला आता पुण्यात राहून आठवत नसेल, पण आईला पाठ आहे. बाहेर पडणाऱ्या साबणपाण्याखाली बादली ठेवते ती. मोरी त्यानेच घासली जाते.

वाळवण्याचा तर हिशेब आणखी सोपा. कपड्यातलं एक लिटर पाणी हीटरच्या उष्णतेने उडवायला कमीत कमी पाऊण युनिटाच्या आसपास वीज जाते. स्पिनरची मोटार 150 वॅटची धरली तर पाच मिनिटांत युनिटाचा ऐंशीवा भाग खाते आणि एवढ्यात लिटरच्या वर पाणी बाहेर काढते. उरलेलं ओलेपण चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या तारेवर बघता बघता उडतं. तेव्हा तर मी वाळवण्यासाठी स्पिनर लावतही नाही, साड्या निथळत्याच टाकते. सुरकुत्या कमी पडतात.

आणि हळदीच्या दिवसांत ऊन नुसतं वाळवत नाही. शिजवणीपासून ड्रमच्या पॉलिशपर्यंत घरातल्या माणसांचे सदरे पिवळेधम्मक होऊन येतात, साबण लागला की तेच डाग लालभडक होतात आणि नवीन सून घाबरते. हळदीतलं करक्युमिन साबणाच्या क्षाराने लाल होतं, आणि उन्हात विटतं. तो डाग कुठल्याही मशीनचा ड्रम फिरून काढू शकत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही सदऱ्यावरच्या डागासाठी नव्हे! असे कपडे पिळून ओलसरच उन्हात पसरायचे. दार बंद करून आत गरम हवेत वाळवलेस तर ऊन लागणार कुठून?

स्पिनर खरा लागतो तो आता, आषाढ-श्रावणात. तार ओसरीत येते, कपड्यांना कुबट वास धरतो. तेव्हा पाच मिनिटं फिरवलेला सदरा पंख्याखाली रात्रीत वाळतो. मात्र भरायची रीत पाहिजे. कपडे टबात चारी बाजूंनी सारखे दाबायचे, वर चकती बसवायची, मग झाकण. एकटा जड टॉवेल एका अंगाला पडला की मशीन फरशीवरून चालत मोरीपर्यंत जाते. आमच्या भागात त्याची आणखी एक गंमत आहे. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 चा भूकंप झाला तेव्हापासून स्पिनर धडधडला की आई आधी उंबऱ्यात येऊन उभी राहते, मग विचारते, "जमीन का मशीन?"

रेनकोट, मेणकापड, बाळाच्या दुपट्याखालचं रबरी कापड मात्र त्यात अजिबात टाकायचं नाही. पाणी त्यातून बाहेर जाऊ शकत नाही, एका जागी साचतं आणि पूर्ण वेगात तोल जातो. हे फक्त आपल्या साध्या मशीनचं नाही बरं. 2016 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सॅमसंगने वरून उघडणाऱ्या सुमारे 28 लाख मशीन परत मागवल्या. फिरताना हादऱ्याने वरचा भागच सुटत होता. आणि टब पुरता थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे तुझ्या लेकरांनाही सांग. झाकण उचलल्यावर ब्रेक लागतो खरा, पण त्याची तार ढिली झाली की टब फिरतच राहतो.

गोधड्या त्या टबात मावत नाहीत, त्या हातानेच धुवाव्या लागतात. शेजारच्या काकू जैन मंदिरातल्या मल्लिनाथांच्या पूजेची धोतरं-दुपट्टे गाळलेल्या पाण्याने हातानेच धुतात, मशीनला लावत नाहीत. म्हणजे मोठी मशीन आली तरी घरातलं हातधुणं संपणार नाहीच.

आईला खरा त्रास वाकून कपडे उचलण्याचा होतो. सेमीला खाली एक मजबूत लोखंडी स्टँड करून घेता येईल, पाय सगळे एका पातळीत असलेला. गावातला वेल्डर करून देईल. त्याचे पैसे तू दे, मी भांडणार नाही. आणि पुण्यात मिळाली तर स्पिनरवरची ती प्लास्टिकची चकती आण, आमची तडकली आहे. टबाच्या तोंडाचं माप दोऱ्याने घेऊन पाकिटात ठेवलंय, दोरा ओढून ताणू नकोस.

तुझी,
ताई