पाचर

पाचर मारणे हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कोणी कोणाच्या कौतुकासाठी वापरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सुरळीत चाललेल्या कामात कोणी आडकाठी घातली, म्हणजे त्याने पाचर मारली असे आपण म्हणतो. पंचतंत्रातील वानराने अर्धवट चिरलेल्या लाकडातील पाचर उपटली आणि तो प्राणास मुकला; पण त्या कथेतही सारी चर्चा वानराच्या मूर्खपणाची होते, आणि लाकडाच्या फटीत मुकाट्याने भार सोशीत बसलेल्या पाचरीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. सुतार, गवंडी, लोहार आणि कारखान्यातील जोडारी यांचे पाचरीवाचून एक दिवसही चालत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे भाषेने तिच्यावर अन्याय केला आहे असेच म्हणावे लागते. तथापि भाषेला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. पाचरीच्या निमित्ताने आमच्या हातूनही एक अन्याय घडलेला आहे, आणि तो लाकडाच्या तुकड्यावर नव्हे, जिवंत माणसावर.

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथून घरी आला होता. तो तेथे अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतो. तेर गावापासून जवळच असलेल्या आमच्या खेड्यात, माळवदाच्या घराच्या ओसरीवर बसून तो तिकडच्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगू लागला. बर्फावरून घसरत जाण्यासाठी तेथील लोक पायांस दोन लांब फळ्या जोडतात, त्यांस स्की म्हणतात, इतके आम्हांसही ठाऊक होते. परंतु त्यांतला एक प्रकार असा आहे की, त्यात डोंगर चढावयाचा तोही आपल्याच पायांनी. चढताना फळीच्या तळाशी केसाळ पट्टी चिकटवितात. तिचे केस एका अंगास झुकलेले असल्यामुळे फळी पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सील नावाच्या जलचराच्या कातड्याची करीत. आता ती मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते, पण तिचे कातडे हे नाव मात्र कायम राहिले आहे. चढताना बुटाची टाच मोकळी सोडतात, उतरताना ती फळीस जखडतात. ज्या कळीने हे साधते तिला बाइंडिंग म्हणतात. आजची हलकी बाइंडिंगे टिरोल प्रांतातील फ्रिट्झ बार्थेल या अभियंत्याच्या कल्पनेवर उभी आहेत. ती त्याने 1980 नंतरच्या दशकात काढली. पुढे दोन खिळे बुटाच्या चवड्यास दोन्ही बाजूंनी धरतात, मागे दोन खिळे टाचेत शिरतात. बस्स, एवढ्या चार टोकांवर माणूस तोललेला असतो.

आता यातील मेख अशी. बहुतेक बनावटींत मागचे खिळे पुढच्यांहून काही मिलिमीटर उंच असतात. त्यामुळे बूट, आणि बुटातील पाऊल, चवड्याकडे उतरते होते. पुतण्याच्या बाइंडिंगमध्ये हा फरक 12 मिलिमीटरांचा होता. पुढच्या व मागच्या खिळ्यांत 300 मिलिमीटर अंतर असेल, तर याने सुमारे सव्वादोन अंशांचा उतार होतो. परंतु आमचा पुतण्या पडला लहान चणीचा. त्याच्या बुटात हे अंतर जेमतेम 260 मिलिमीटर. फरक तोच, पाया आखूड. म्हणून उतार अडीच अंशांच्याही वर गेला. त्रिकोणाचा हा अगदी साधा नियम आहे, आणि आम्ही तो गेली तीस वर्षे पदार्थविज्ञानाच्या वर्गात फळ्यावर काढीत आलो आहोत.

एवढ्याशा उताराने काय होते? माणूस पुढे कलतो. कललेले शरीर कोसळू नये म्हणून तो नकळत गुडघे वाकवतो, कंबर मागे टाकतो आणि अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखा डोंगर उतरू लागतो. घटकाभरात मांड्या पेटतात, फळ्या ऐकेनाशा होतात आणि तो पडतो. शिकविणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की, हा पोरगा मागे बसतो आहे; आणि मागे बसणे हे भित्रेपणाचे लक्षण अशी त्या विद्येतील सर्वसाधारण समजूत. "भिऊ नकोस, पुढे झुक," असे पुतण्यास सगळा हिवाळाभर ऐकावे लागले. तो आधीच गरजेपेक्षा जास्त पुढे झुकविला गेला होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, त्याच्याही नाही. तो स्वतःस भित्रा समजू लागला होता. शेवटी एका दुकानातील वृद्ध कारागिराने त्यास बूट घालून उभे केले, खिळ्यांची उंची मोजली आणि चवड्याच्या बाइंडिंगखाली 6 मिलिमीटर जाडीची एक चिवट प्लास्टिकची पट्टी बसविली. उतार निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा, त्याच डोंगरावरून, सरळ उभा राहून उतरला.

"एवढीशी पाचर हो काका!" असे म्हणून पुतण्याने बोटांच्या चिमटीत तिची जाडी दाखविली. शेजारी त्याचे वडील, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, सुपारी कातरीत बसला होता. अडकित्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तिफणीचंच झालं म्हणायचं हे."

पुतण्यास त्याचा अर्थ कळला नाही. आम्हांस कळला, आणि त्यानंतर त्या संध्याकाळी आम्हांस फारसे बोलवले नाही.

गोष्ट 1989 सालची. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते; धाराशिव हे जुने नाव त्यास 2023 साली पुन्हा मिळाले. आम्ही तेव्हा पदवीच्या वर्गात होतो आणि दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. हस्ताचा पाऊस होऊन गेला होता आणि रब्बीच्या ज्वारीची पेर चालू होती. धाकटा भाऊ सतरा-अठरा वर्षांचा. शाळा सोडून त्याने नुकतीच शेती हाती घेतली होती. त्या वर्षी वडिलांनी सोलापूरकडच्या एका बाजारातून खिलारी बैलांची जोडी आणली होती. जुनी गावरान जोडी बुटकी होती. ही नवी चार बोटे उंच, पांढरीशुभ्र, गावाने थांबून पाहावी अशी. आई चाड्यावर मूठ धरी आणि भाऊ तिफण हाकी.

काळ्या रानात रब्बीची पेर ही ओलीची शर्यत असते. वरचा थर उन्हाने सुकत जातो आणि ओल खाली उतरत जाते. बी पाच ते सात सेंटिमीटर खाली, ओलीला टेकले तर उगवते; वरच्या कोरड्या मातीत राहिले तर ते मुंग्यांचे आणि पाखरांचे. त्या वर्षी आमचे बी वर राहिले. आठ दिवसांनी पाहतो तो रानभर नांग्या पडलेल्या. कोठे हातभर तास हिरवा, कोठे दहा हात काळी माती. दुबार पेर करावी, तर ओल उरली नव्हती.

दोष कोणाचा, याविषयी घरात कोणास शंका नव्हती. तिफण हाकणाऱ्याने रुमण्यावर भार दिला की फण खोल जातात. ते गेले नाहीत, अर्थात हाकणाऱ्याने भार दिला नाही. भाऊ संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याचे खांदे भरून आलेले असत आणि तळहातांना फोड आलेले असत, हे आम्ही पाहिले होते. परंतु त्यावरून आम्ही काढलेले अनुमान असे की, हा कामाला नाजूक आहे. वडील पुष्कळ बोलले. आम्ही थोडेच बोललो. पण शिकलेल्या माणसाचे थोडे बोलणे अधिक लागते. "तुझ्या हाताला जोरच नाही, तुझ्याच्याने शेती होणार नाही," असे आमचे शब्द होते. आमच्या पंचक्रोशीत गोरोबाकाकांची आख्यायिका लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यांनी थापटण्याने संतांची मस्तके मडक्यांसारखी तपासली आणि त्यांत कच्चे कोणते ते सांगितले. गोरोबांचा अधिकार मोठा होता. आम्ही वयाच्या विसाव्या वर्षी तेच थापटणे हाती घेतले आणि सख्ख्या भावास कच्चे ठरवून मोकळे झालो.

दिवाळी होताच भाऊ पुण्यास निघून गेला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लागला. पुढल्या वर्षी पेरणीच्या आधी गावच्या सुताराने तिफण दुरुस्तीसाठी घेतली. दांडी जेथे दिंडात बसते तेथील जुनी पाचर त्याने काढली, दुसरी जाड पाचर ठोकली आणि आम्हांस सहज म्हणाला, "बैल उंच आले आणि पाचर जुनीच ठेवली. फण नाक वर करून चालणारच. पोराच्या हातात काही खोट नव्हती." जू उंच झाले की दांडीचे पुढचे टोक उचलले जाते, त्याबरोबर फणांची टोके वर होतात आणि ती मातीत शिरण्याऐवजी मातीवरून सरकू पाहतात. आमच्या भावाने तो सारा हंगाम एका कोनाशी कुस्ती केली होती. पुतण्याच्या मांड्या ज्या कारणाने पेटल्या, त्याच कारणाने त्याच्या बापाचे खांदे पेटले होते.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. चार बोटे म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. दांडीची लांबी सुमारे तीन मीटर. कोन निघाला सव्वा अंशाहून किंचित अधिक. पुतण्याच्या चवड्याखालच्या पट्टीने कमी केलेला उतारही तेवढाच भरतो! आल्प्सच्या बर्फात आणि तेरणेच्या काठच्या काळ्या मातीत, बाप आणि लेक यांच्या वाट्यास एकाच मापाचा दोष आला. भेद इतकाच की, लेकास मोजणारा मनुष्य भेटला आणि बापास आम्ही भेटलो.

सुताराचे ते बोलणे आम्ही भावास कळविले नाही. प्रथम लाज वाटली. मग त्याची नोकरी चांगली लागली, तेव्हा झाले ते बऱ्यासाठीच झाले असे आम्ही स्वतःस समजाविले. आणि पुढे गोष्ट जुनी झाली. तो कारखान्यात यंत्रे बसविण्याच्या कामात निष्णात झाला. लेथ बसविताना तिचे चारही पाय एका पातळीत नसतील तर तिचा सांगाडा पीळ खातो आणि तिच्यावर कातलेला दंड एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक होतो. अशा वेळी पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारतात. कामगार त्यांस शिम म्हणतात. त्यांतील काही कागदासारख्या पातळ असतात. काम बिघडले की कारागिरावर डोळे वटारण्याआधी यंत्राचे पाय तपासावयाचे, हा तेथील रिवाज. आमच्या भावाने तीस वर्षे हेच केले.

आमच्या धंद्यात असा रिवाज नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीस येतो, तेव्हा विज्ञानाची सारी पुस्तके एकाएकी इंग्रजी होतात. तो रात्ररात्र जागतो, पाठ करतो, आणि चाचणीत मागे पडतो. त्याच्याविषयी "परिश्रम कमी पडतात" असा शेरा आम्ही किती वेळा दिला असेल, त्याची गणती नाही. पायाखालचा कोन सावरण्यातच त्याचे सर्व परिश्रम खर्ची पडत होते, ही शक्यता आमच्या मनास शिवली नाही. प्रत्येक अपयशाचे कारण पाचरच असते असे आमचे म्हणणे नव्हे; आळशी विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि इन्सब्रुकच्या कारागिरानेही आधी मोजले, मगच पट्टी बसविली. आमचे म्हणणे एवढेच की, आधी मोजावे. आम्ही मोजले नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, भाऊ पुण्यास जावयास निघाला असता, आम्ही त्यास गोठ्याकडे नेले आणि सुताराची गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षे ती दडवून ठेवल्याचेही सांगितले. त्याने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाला, "अण्णा, ते मला तेव्हाच कळलं होतं. पेर चालू असतानाच मी आबांना म्हणालो होतो, बैल उंच आहेत, पाचर बदलून आणतो. तुम्ही तिथंच पुस्तक घेऊन बसला होता."

आम्ही काय म्हणालो, असे आम्ही विचारले.

"तुम्ही म्हणालात, कारणं सांगू नको."

आम्हांस यातले काहीही आठवत नाही. परंतु भाऊ खोटे बोलत नाही, आणि ते वाक्य आमचेच आहे हे ओळखावयास आठवणीची गरज नव्हती. वर्गात आम्ही ते आजही उच्चारतो. इतकी वर्षे आमच्या मनावर अज्ञानाचे आणि मौनाचे ओझे होते. त्या सकाळी कळले की, अज्ञान हा आमचा बचाव होता. तोही आता गेला.

पेरणी आता ट्रॅक्टरवर होते. तिफण गोठ्याच्या भिंतीशी उभी आहे. चाडे कधीच हरवले, पण दिंड आणि दांडी शाबूत आहेत. भावाने वाकून सांध्यावरची धूळ पुसली आणि सुताराने ठोकलेली पाचर अंगठ्याने दाबून पाहिली.

"बाभळीची आहे," तो म्हणाला. "अजून घट्ट आहे."

आम्हीही अंगठा लावून पाहिला. ती हलली नाही. मग पुतण्याने गाडीतून हाक मारली आणि आम्ही दोघे बाहेर आलो.