जवळच आहे मॅडम

आम्ही राहतो कॅम्पात. बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कॅम्प म्हणजे आमच्या गावचा कॅन्टोन्मेंटचा भाग. जुने बंगले, चर्च, शाळा आणि भरपूर झाडं. त्यामुळं आमची फॅमिली कॅम्पिंगला चालली आहे असं मी कॉलेजात सांगितलं, तेव्हा "राहतीस कॅम्पात, आणि चाललीस पण कॅम्पातच?" हा विनोद मला निदान सहा जणांनी ऐकवला.

कारण मात्र विनोदाचं नव्हतं. दादाला कतारला नोकरी लागली होती. १५ जानेवारीचं तिकीट, आणि दोन वर्षं सुट्टी नाही. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. या दोन गोष्टींची बेरीज घरात कुणी मोठ्यानं केली नाही. पप्पा एवढंच म्हणाले, "जायच्या आधी सगळे मिळून दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊया की." जागा शोधायचं काम माझ्याकडं आलं, कारण फोनवर बोलायला मला लाज वाटत नाही आणि गरज पडली तर मोडकंतोडकं कन्नडही मी रेटते.

दादाला तंबूच हवा होता. "कॉटेजमध्ये झोपायचं तर घरात काय वाईट आहे?" हे त्याचं म्हणणं मलाही पटलं. पावसाळ्यात जोयडा तालुक्यात जायचं म्हणजे जळवांना रक्तदान. उन्हाळ्यात पत्र्याखाली आणि कापडाखाली सारखंच भाजतं. जानेवारी उत्तम. नाताळच्या आठवड्यात सगळ्यांचे दर चढलेले असतात म्हणून थ्री किंग्जचं फेस्त झाल्यावरची तारीख धरली. दांडेलीजवळ, काळी नदीच्या काठच्या एका कॅम्पचे फोटो पाहिले. पिवळ्या तंबूंची रांग, मागं नदी, पुढं शेकोटी. मी तर मनानं तिथं पोचलेच.

आजीला फोटो दाखवले. तिनं चष्मा पुसून नीट बघितले आणि म्हणाली, "छान आहे. तुम्ही जावा. मी घर बघते."

आम्ही खूप आग्रह केला. थंडी वाजेल म्हणून? नाही. प्रवास झेपत नाही? तसंही नाही. "माझं काय तिथं?" एवढंच. दादा चिडला, पप्पा गप्प बसले. रात्री भांडी घासताना मम्मीनं मला हळूच सांगितलं, "तिला रात्री तीन-तीनदा उठावं लागतंय गं. कधीकधी पोचेपर्यंत थांबत नाही. कुणाला सांगू नकोस म्हणालीय."

मी आणि आजी एकाच खोलीत झोपतो. मला माहीत नव्हतं. माझी झोप गाढ आहे, हे कारण मी त्या रात्री स्वतःला बऱ्याच वेळा दिलं. मराठी साहित्याच्या वर्गात आम्ही 'अवकाश' या शब्दावर पानंच्या पानं टिपणं काढली आहेत. अंथरुणापासून संडासापर्यंतचं अंतर त्यात कुठं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नदीकाठच्या कॅम्पला पुन्हा फोन लावला. "बाथरूम किती लांब आहे?"

"जवळच आहे मॅडम."

"जवळ म्हणजे किती पावलं?"

पलीकडं शांतता. मग, "एक ऐंशी-शंभर असतील. पण लाइट आहे. दहापर्यंत."

तेव्हापासून मी 'जवळ' या शब्दावर विश्वास ठेवत नाही. 'फॅमिली टेंट' यावरही नाही. चार माणसांचा तंबू म्हणजे त्यात चार माणसं मावतात. चौघांपैकी एकानं कूस बदलायची म्हटलं तर बाकी तिघांना कळवावं लागतं. कॉट आहे का, की जमिनीवर गादी? कॉट असली तर उंची किती? गुडघे गेलेल्या माणसाला खाली बसता येतं, उठता येत नाही. कमोड आहे का? रात्री लाइट गेली तर काय? हे विचारताना आधी मी आवाज खाली आणायची, जणू काही वाईट विचारतेय. पाचव्या फोनपर्यंत लाज संपली. एका माणसानं तर वैतागून विचारलं, "मॅडम, तुम्हाला जंगल बघायचंय की बाथरूम?" मी म्हटलं, दोन्ही.

कुळगीचा वनखात्याचा नेचर कॅम्प मला मनापासून आवडला होता. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला, स्पीकर लावून नाचणारी गर्दी नाही. पण आम्हाला हव्या त्या तारखांना जागा नव्हती.

मग आठवलं कॅसलरॉक. आजोबा रेल्वेत होते. लग्न झाल्यावरची पहिली पाच वर्षं आजीनं कॅसलरॉकच्या क्वार्टर्समध्ये काढली होती. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता तोवर हे स्टेशन म्हणजे हद्दीवरचा नाका, कस्टमची तपासणी इथं व्हायची. आजी आली तेव्हा ते सगळं संपलं होतं, पण मीटरगेज होतं, वाफेची इंजिनं होती. नाव काढल्यावर आजीनं पहिल्यांदा विचारलं, "तिथं राहायला मिळतंय काय आता?"

मिळत होतं. गावापासून थोडं बाहेर एका घरगुती ठिकाणी दोन कॉटेज, पुढच्या अंगणात तंबू. मी सगळे प्रश्न विचारले. कॉटेजच्या आतच बाथरूम, कॉटपासून सात पावलं. मालकानं फोनवर बोलता बोलता खरंच चालून मोजली, मला पावलांचा आवाज येत होता. असं ठरलं, की आजी आणि मी कॉटेजमध्ये, मम्मी-पप्पा आणि दादा तंबूत. तंबूत न झोपण्याचं कारण म्हणून मला सर्दी झाली. आजीला हे पटलं नसणार, पण तिनं तसं दाखवलं नाही.

एक विचारायचं राहिलं. फोटो बाजूनं काढलेला होता. गेल्यावर दिसलं, कॉटेजला चार पायऱ्या, चिऱ्याच्या, उंच, आणि धरायला काही नाही. आजी खाली उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला. एवढे फोन करून मी हेच विसरले! दादानं न बोलता अंगणाच्या कडेचे चार चिरे उचलले आणि प्रत्येक पायरीपाशी एकेक अर्धी पायरी केली. मग हात पुढं करून म्हणाला, "चला आजी, फर्स्ट गिअर टाका." ती हसली आणि चढली. चढताना त्याचा हात तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवला.

तंबूवाल्यांची रात्र काही सुखाची गेली नाही. दव पडून कापड ओलं झालं, सकाळी पप्पांची पाठ धरली होती. दादा मात्र खूश.

आजीनं रात्री दोनला मला हाक मारली. पहिल्यांदाच. "बाय, उठतीस काय?" लाइट गेली होती. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि दारात उभी राहिले. बाहेर आल्यावर ती लगेच झोपली नाही. शाल गुंडाळून कॉटेजच्या दारात खुर्चीवर बसली. म्हणाली, "आमच्या क्वार्टर्सचा संडास मागं होता, झाडीत. मला वाघाची भीती वाटायची. तुझे आजोबा ड्युटीवरून आलेले असले तरी उठायचे, कंदील धरून उभे राहायचे. तोंड तिकडं करून."

मी काही बोलले नाही. खालून घाट चढून येणाऱ्या गाडीचा घरघराट ऐकू येत होता, बराच वेळ, मग थांबला.

"आता मागची इंजिनं सोडवतील," आजी म्हणाली. तिनं कान देऊन ऐकलं. "टॉर्च बंद कर बाय. सेल जातील."

मोबाइलला सेल नसतात हे मी तिला सांगितलं नाही. बंद केला.