सिहोऱ्याचं सोनं

जबलपूरला पोस्टिंग म्हटलं की फौजेतल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर ग्रेनेडियर्सचं सेंटर, जॅक रायफल्स, सिग्नल्स, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि भेडाघाट येतं. सिहोरा येत नाही. कटनीच्या रस्त्यावर साधारण चाळीस किलोमीटरवर हा तहसीलाचा गाव. कर्कवृत्त जबलपूर आणि सिहोरा यांच्या मधून जातं, एवढंच काय ते त्याचं भौगोलिक वैशिष्ट्य आम्ही पाहुण्यांना सांगत असू. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र सिहोऱ्याचं नाव एकदम देशभर झालं. तहसीलातल्या महगवां केवलारी भागात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला, म्हणजे जीएसआयला, सोन्याचे अंश सापडल्याच्या बातम्या आल्या. क्षेत्र सुमारे शंभर हेक्टर. मथळ्यांत ‘लाखो टन’ हे शब्द होते. त्या आठवड्यात गावाकडून मला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये पहिला प्रश्न तोच होता: ‘‘काय रे, तुमच्याकडे सोनं निघालं म्हणे?’’

लाखो टन कशाचे, हे बहुतेकांनी वाचलंच नव्हतं. ते टन खनिजयुक्त दगडाचे असतात, सोन्याचे नव्हेत. सोन्याच्या दगडाची प्रत ‘टनाला किती ग्रॅम’ अशी मोजतात. टनाला एक ग्रॅम असेल, तर लाख टन दगडातून शंभर किलो सोनं, तेही कागदावर. म्हणजे दहा टनी टिपर भरून दगड फोडा, दळा, रसायनात घोळवा, तेव्हा आजच्या हिशेबाने एक तोळा हाती लागेल.

या हिशेबाचा घोळ देशाने आधीही पाहिला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी पसरली. दोन दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. मग जीएसआयने खुलासा केला: तिथे सुमारे ५२,८०६ टन खनिज आहे, प्रत टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे एकूण सोनं १६० किलोच्या आसपास. तीन हजार टनांवरून १६० किलोंवर! खोट्या बातम्या शत्रूच पसरवतो असं नाही, हे आम्हा फौजींना ठाऊक असतं. आशा त्या जास्त वेगाने पसरवते.

सिहोऱ्याच्या जमिनीत काही असणं हे मात्र नवल नाही. हा सगळा पट्टा नर्मदा-सोन खोऱ्यातल्या महाकोशल खडकांचा आहे, वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास. भेडाघाटचा संगमरवर याच कुटुंबातला. इथल्या लोखंडावर अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या चालवत आले. १८८० च्या दशकात जीएसआयच्या मॅलेट यांनी जबलपूर जिल्ह्याच्या या भागातल्या लोहखनिजावर सविस्तर लिहिलं. गोसलपूरचं मँगनीज प्रसिद्ध आहे. सिहोऱ्याहून पुढे कटनी जिल्ह्यात स्लीमनाबाद लागतं. तिथलं तांबं जुन्या काळापासून माहीत आहे आणि जवळच्या इमलियाचा सोन्याचा ब्लॉक लिलावात गेला आहे. स्लीमनाबाद हे नाव ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनचं. हा गडी बंगाल आर्मीतला. १८२८ मध्ये जबलपूरला त्याने जी हाडं उचलली, ती पुढे डायनोसॉरची निघाली. त्याच्या आधी हा मुलुख मराठ्यांकडे होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, मग तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. आपल्या लोकांनी इथून महसूल नेला. सोनं मात्र कुणी नेल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण झाले एक नायब सुभेदार साहेब. माझ्या पहिल्या युनिटमध्ये मी नवखा लेफ्टनंट असताना ते सेक्शन कमांडर होते. पेन्शन घेऊन सिहोरा तहसीलात आपल्या चार एकरांवर राहतात. (आमच्यात अधिकारी जेसीओला ‘साब’ म्हणतो आणि जेसीओही अधिकाऱ्याला ‘साब’च म्हणतो. निवृत्तीनंतरही ते सुटत नाही.) एका रविवारी ते क्वार्टरवर आले. चहा झाला, जुन्या पोरांची चौकशी झाली आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

एका दलालाने आणलेला करारनामा होता. जमिनीचा भाव बाजाराच्या दुप्पट. पण हातात दहावा हिस्सा. उरलेले पैसे ‘खाण सुरू झाल्यावर’. आणि सोबत आममुखत्यारपत्र, जमिनीचे सगळे अधिकार दलालाच्या माणसाकडे. धाकट्या मुलाला बयाण्याच्या पैशांतून ट्रक घ्यायचा होता. मोठा मुलगा फौजेतच, दूर सरहद्दीवर. तो फोनवर म्हणत होता, थांबा. घरात महिनाभर धुसफूस चालली होती.

‘‘साब, नीचे है कि नहीं, बस इतना बता दो,’’ ते म्हणाले.

तेवढंच कुणाला सांगता येत नाही, हीच तर गोष्ट आहे. पण ‘अजून का सांगता येत नाही’ हे समजावणं शक्य होतं, आणि करारावर सही करायची की नाही हे ठरवायला ते पुरेसं होतं.

खनिजशोधाच्या चार पायऱ्या असतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. फौजीला हे सांगायला सोपं जातं. जी-४ म्हणजे पहिली रेकी: नकाशे, उपग्रहाची चित्रं, नाल्यातल्या गाळाचे आणि मातीचे नमुने, उघड्या खडकाचे तुकडे. इथे काहीतरी हालचाल आहे, एवढाच निष्कर्ष. जी-३ म्हणजे जवळून पाहणी: चर खणून, मोजक्या ठिकाणी भोकं पाडून. जी-२ ला भोकं जवळजवळ येतात आणि साठ्याचा आकार दिसू लागतो. जी-१ ला तपशील पक्के होतात. त्यानंतरही दगड काढणं परवडतं का, पाणी कुठून येणार, वनखातं आणि पर्यावरण काय म्हणतं, हे प्रश्न उरतातच. जगभरचा अनुभव असा की पहिल्या पायरीवर आशा दाखवणाऱ्या बहुतेक जागा शेवटच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात परसोडीच्या बाजूला, साकोली पट्ट्यात, जीएसआयने सोन्याचा शोध घेतल्याला कितीतरी वर्षं झाली. तिथे कोलार उभं राहिलेलं नाही.

आणखी एक मुद्दा साहेबांना नवा होता. २०१५ पासून खनिजांचे ब्लॉक लिलावाने जातात, आणि २०२१ च्या नियमबदलानंतर संयुक्त परवान्यासाठी जी-४ पातळीवरचा ब्लॉकसुद्धा लिलावात ठेवता येतो. म्हणजे ‘लिलाव झाला’ याचा अर्थ ‘सोनं सिद्ध झालं’ असा नाही. पुढचा शोध स्वतःच्या खर्चाने घेण्याचा हक्क कुणीतरी घेतला, एवढाच आहे. दलालाचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा होता.

डिसेंबरात आम्ही दोघे तहसीलातल्या एका शिवारात चाललेलं ड्रिलिंग पाहायला गेलो. गव्हाची हिरवी कोवळी रोपं आणि मधेच कर्कश आवाज करणारी रिग. मास्ट सरळ उभा नव्हता, कललेला होता. खडकातली शीर तिरकी उतरत असेल तर भोकही तिला आडवं जाईल असं पाडावं लागतं. टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट, आतून सतत पाणी आणि वर येणारा राखाडी चिखल. पोकळीत शिरलेला दगडाचा दांडा म्हणजे कोअर. तो तीन-तीन मीटरनी वर येतो आणि कप्पे पाडलेल्या पेटीत क्रमाने लावला जातो. मधे ठोकळे, त्यांवर खोली लिहिलेली. शिस्त बघून नायब सुभेदार साहेब खूश झाले. म्हणाले, ‘‘यह तो कोत जैसा है.’’ शस्त्रागारात रायफली लावाव्यात तसेच ते दांडे होते खरे.

तिथला भूवैज्ञानिक वर्ध्याकडचा निघाला. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. कोअरमध्ये एके ठिकाणी पिवळी झाक चमकत होती. साहेबांनी बोट ठेवलं. तो हसला. ‘‘पायराइट आहे, सर. लोखंड आणि गंधक. याला बघून भले भले फसतात. खरं सोनं बहुधा डोळ्यांना दिसतच नाही.’’

मग त्याने आम्हाला एक हिशेब सांगितला. या कोअरची जाडी सुमारे ४७.६ मिलिमीटर, मूठभर. समजा शंभर हेक्टरांवर शंभर-शंभर मीटरच्या अंतराने भोकं पाडली, तर साधारण शंभर भोकं होतील. त्या सगळ्या कोअरची तोंडं एकत्र मांडली तर किती जागा व्यापतील? मी तिथेच वहीवर गुणाकार केला. ०.१८ चौरस मीटर. जेवायला बसायचा एक पाट! दहा लाख चौरस मीटर जमिनीबद्दलचं मत एका पाटाएवढ्या पुराव्यावर बनवायचं. म्हणून घाई करायची नाही.

त्या पाटाएवढ्या पुराव्याचीही राखण करावी लागते. कोअर लांबीत मधोमध कापतात. अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतात. प्रयोगशाळेत दगडाची भुकटी शिशाच्या संयुगाबरोबर वितळवतात. शिसं सोन्याला स्वतःत ओढून घेतं, मग शिसं उडवून लावलं की तळाशी सूक्ष्म मणी उरतो. नमुन्यांच्या मधेमधे मुद्दाम साधे, सोनं नसलेले नमुने घुसवतात, प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायला. अर्धा भाग का ठेवायचा, याचं सगळ्यात महाग उत्तर इंडोनेशियात मिळालं. बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीने प्रचंड सोनं असल्याचं जाहीर केलं. शेअर आकाशाला भिडले. कंपनी मात्र कोअर अर्धा न ठेवता पूर्ण भरडत होती. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच भोकं पाडून पाहिली, तेव्हा दखल घेण्याजोगं काहीच निघालं नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. हजारो लोकांची बचत त्यात गेली.

परतताना जीपमध्ये आम्ही कायद्याबद्दल बोललो. खाणकामाचा पट्टा मिळाला म्हणून वरची शेती आपोआप पट्टेदाराची होत नाही. १९५७ च्या खनिज कायद्यातच तरतूद आहे की परवानाधारकाने जमिनीच्या वापरामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई तिच्या कब्जेदाराला द्यायची, आणि घराला लागून असलेल्या अंगणात किंवा बागेत संमतीशिवाय शिरायचं तर निदान सात दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. म्हणजे उद्या खरोखर काही निघालं, तर ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याशी बोलावं लागेल. आममुखत्यारपत्र दिलं की बोलणारा माणूस दलालाचा असेल, साहेबांचा नसेल. आणि काही निघालंच नाही, तर ‘खाण सुरू झाल्यावर’चे पैसे कधीच येणार नाहीत आणि जमीन अडकून पडेल. दोन्ही बाजूंनी दलाल सुरक्षित. शत्रूने दिलेल्या नकाशावर अटॅक प्लॅन करायचा नाही, हे खडकवासल्याला कॅडेट असतानाच डोक्यात बसवतात. ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी त्यांना कोलारची गोष्ट सांगितली, कारण ती फौजींची आहे. १८०२ मध्ये ३३ व्या रेजिमेंटचा लेफ्टनंट जॉन वॉरन म्हैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करत होता. गावकरी मातीतून सोनं धुऊन काढतात हे त्याने ऐकलं, स्वतः पाहिलं आणि लिहून ठेवलं. सत्तरएक वर्षांनी न्यूझीलंडच्या लढाईतून निवृत्त झालेला आयरिश सैनिक लॅव्हेल बंगळूरला राहत होता. त्याने वॉरनचा लेख वाचला आणि म्हैसूर सरकारकडून शोधाचा परवाना मिळवला. खणत राहिला, पैसे संपले, हक्क दुसऱ्यांना देऊन टाकले. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स आले आणि खरी खाण त्यानंतर उभी राहिली. ती तीन किलोमीटरहून खोल गेली, आठशे टनांच्या आसपास सोनं दिलं आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. वॉरनला सोनं मिळालं नाही, लॅव्हेलला मिळालं नाही, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरून ते काढलं त्यांच्या वाट्याला वस्ती, सायनाइडचे ढिगारे आणि बंद फाटक आलं.

साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘फिर भी साब, निकले तो अच्छा है. बच्चों को काम मिलेगा.’’ मला हे वाक्य फार आवडलं. त्यांना सोन्याचा तिरस्कार नव्हता. या तहसीलातली पोरं सुरतेला आणि पुण्याला मजुरीला जातात. खाण आली, ती नीट चालली आणि तिच्यातला जिल्ह्याचा वाटा खरोखर शाळेत, दवाखान्यात गेला, तर कुणाला नको आहे? त्यांना फक्त अफवेच्या भावाने बापाची जमीन द्यायची नव्हती.

त्यांनी करारावर सही केली नाही. धाकटा काही दिवस बोलला नाही. मग मोठ्याने सुट्टीवर आल्यावर त्याला बसवून सांगितलं आणि दोघांनी मिळून जुन्या ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं. दलाल पुढच्या गावाला गेला, आणि तिथे कुणीतरी सही केल्याचं कानावर आलं. म्हणून हे लिहितो आहे. आपल्या वाचकांत कितीतरी माजी सैनिक आहेत, आणि पेन्शन, चार एकर आणि एक उतावळा मुलगा हे समीकरण सिहोऱ्यापुरतं नाही. सोन्याच्या जागी उद्या लिथियम असेल, विमानतळ असेल, महामार्ग असेल. जमिनीखाली काय आहे ते भूवैज्ञानिक सांगतील, आणि त्यांना वर्षं लागतील. कागदावर काय आहे ते आजच वाचता येतं. वकिलाला दाखवा, मुलांना दाखवा, जिल्हा सैनिक बोर्डात नेऊन दाखवा, आणि मुखत्यारपत्र हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

रिग आता त्या शिवारातून हलली आहे. भोक बुजवून वर सिमेंटचा छोटा खांब उभा केला आहे, त्यावर नंबर आहे. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा गहू कापणीला आला होता आणि शेतकऱ्याने पेरताना खांबाभोवती वीतभर जागा सोडली होती, जास्त नाही.