भाव करणे

आमच्या घरात भाव करण्याचे खाते सौभाग्यवतींकडे आहे. डहाणूच्या मासळीबाजारात ती बोंबिलांच्या वाट्याकडे नुसती पाहते, एक आकडा सांगते आणि पाठ फिरवते. मी पिशवी धरून उभा. चार पावले गेलो की मागून "ओ बाई, या इकडे!" अशी हाक येते. ती येईपर्यंत माझा जीव खालीवर होत असतो. तिला मात्र ती येणार हे ठाऊक असते.

गेल्या पाडव्याला मोटार घ्यायची ठरली तेव्हा तिने हात झटकले. "मोटार म्हणजे काय पापलेट आहे, कल्ले उघडून बघायला? तुमचे तुम्ही बघा." तलासरीच्या शाळेत तीस वर्षे नफातोटा शिकवलेला माणूस यावर काय बोलणार? फंडाचे पैसे हाती आले होते आणि तिचे गुडघे एसटीच्या पायरीशी भांडू लागले होते. मी निघालो.

तलासरीहून वापी हाकेच्या अंतरावर. गुजरातेत मोटारीवरचा कर कमी, म्हणून मोह झाला. पण मोटार राहणार महाराष्ट्रात, म्हणजे कर महाराष्ट्राचाच. तेव्हा बोईसरकडच्या एका पेढीत गेलो. काचेच्या दारातून गळ्यात टाय बांधलेला एक तरुण धावत आला आणि वाकला. "सर, ओळखलंत?" आमच्याच शाळेतला, पाड्यावरून चालत येणारा वारल्यांचा पोरगा! शेकडेवारीत नेहमी पुढे.

त्याने चहा मागवला आणि एक कागद पुढे ठेवला. मोटारीची किंमत ७ लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आल्याने ती आधीच उतरली होती. तिच्यावर महाराष्ट्राचा कर ११ टक्के, म्हणजे ७७ हजार. विमा ३८ हजार. हाताळणीचा खर्च साडेआठ हजार. गाद्यांची आवरणे, पायपुसणी वगैरे साजशृंगार १८ हजार. मला घाम फुटला.

मी मास्तरी आवाजात विचारले, "यातले सरकारला काय जाते आणि पेढीकडे काय राहते?"

तो क्षणभर थांबला. मग पेन्सिलीने खालच्या तीन ओळींवर हलकीशी रेघ ओढून म्हणाला, "सर, विमा बाहेरून काढला तरी चालतो, सक्ती नाही. साजही नको असेल तर नको. हाताळणीचं तुम्ही मोठ्या साहेबांशी बोला."

मी बोललो. साहेबांनी पेढीच्या अडचणी सांगितल्या. मी पिशवी उचलली आणि सौभाग्यवतींचे स्मरण करून पाठ फिरवली. दारापर्यंत सहा पावले होती. पाचव्या पावलाला हाक आली! हाताळणीचा खर्च गेला, साज वगळला, आणि विमा दुसरीकडे २९ हजारांत मिळणार होता. साडेपस्तीस हजार वाचले होते.

परतीच्या वाटेवर मला एक शोध लागला. भाव करायला जीभ लागते ही माझी समजूत चुकीची. लागते ती उठून जाण्याची सोय. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळी गिऱ्हाईक उठून जाणार कुठे? आणि याच मुलुखात सावकाराच्या वेठीला धरलेला वारली तरी कुठे जाणार होता? १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली एकजुटीने उठले, गवतकापणीचा दर मिळाल्याखेरीज विळा उचलणार नाही म्हणाले, तेव्हा कुठे दराची भाषा सुरू झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या पणजोबांची ती पिढी.

घरी येऊन मी पराक्रम वर्णन केला. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "अहो, आणि त्या पोराला काय राहिले?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

पैसे भरायला गेलो तेव्हा मी त्याला हळूच विचारले. तो हसला. पगार बेताचा, बाकीचे विमा आणि साज खपवण्यावर. म्हणजे ज्या ओळींवर त्याने पेन्सिल ओढली, त्या त्याच्याच होत्या! "पण सर, तुम्हाला कसं फसवणार? वजाबाकी तुमच्याकडूनच शिकलोय."

विमा परत त्याच्याकडून काढण्याइतका मी उदार नाही. फंडाचा पैसा एकदाच येतो. पण पायपुसणी आणि आवरणे मी त्याच्याकडूनच घेतली, लिहिलेल्या भावात. सौभाग्यवती प्रथमच मोटारीत बसली, पायाखाली पाहिले आणि म्हणाली, "ही महाग पडली हो!"

मग थोडे थांबून म्हणाली, "असू द्या. बोंबीलवालीचाही शेवटचा रुपया मी कधी पाडत नाही. नाही तर उद्या ती हाक कशाला मारील?"

तीस वर्षे पिशवी धरून उभा होतो; एवढे काही दिसले नव्हते.